जखमींना पाठीवर घेणारे क्षात्रतेज

शूर कोणाला म्हणावे? प्रश्न सोपा वाटतो आणि त्याचे उत्तरही आपल्या ओठांवर तयार असते. ज्याने शत्रू लोळवला तो शूर. आपल्या चौकाचौकांतील पुतळ्यांच्या हातांत तलवारी आहेत, आपल्या पोवाड्यांत समशेरींचा खणखणाट आहे. ते योग्यच आहे. शतकानुशतके परचक्राशी झुंजलेल्या समाजाने शस्त्राचे पूजन करायचे नाही तर कशाचे? विजयादशमीचे शस्त्रपूजन हा काही निव्वळ उपचार नव्हे. परंतु शौर्याची मोजदाद केवळ पाडलेल्या शत्रूंच्या संख्येवर होऊ लागली, की शौर्याचे दुसरे आणि तितकेच तेजस्वी अंग दृष्टीआड होते. गोळ्यांच्या वर्षावात पुढे धावणे कठीण आहे. पण त्याच वर्षावात मागे वळून, पडलेल्या सहकाऱ्याला उचलून, त्याचे वजन पाठीवर घेऊन पावलापावलाने चालत येणे त्याहून कठीण आहे. धावणाऱ्याला निदान स्वतःच्या वेगाचे कवच असते. ओझे वाहणाऱ्याला तेही नसते.

या दुसऱ्या शौर्याचा एक लखलखीत वस्तुपाठ महाराष्ट्राच्या मातीतील एका शेतकऱ्याच्या वयाच्या तरुणाने जगासमोर ठेवला. शिपाई नामदेव जाधव हे त्याचे नाव. जन्म १८ नोव्हेंबर १९२१, गाव तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे? शाळेतील मुलांना विचारून पाहावे. उत्तर बहुधा निराश करणारे असेल.

सेनिओच्या तीरावरील ती संध्याकाळ

दिनांक ९ एप्रिल १९४५. दुसरे महायुद्ध अखेरच्या टप्प्यात होते. इटलीच्या उत्तर भागात जर्मन सैन्य नद्यांच्या काठांचा आधार घेऊन चिवटपणे उभे होते. ब्रिटिशांच्या आठव्या सेनेने त्या दिवशी अंतिम चढाई आरंभली आणि तिच्या अग्रभागी आठवी भारतीय डिव्हिजन होती. समोर सेनिओ नदी होती. नदी म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याएवढीच, रुंदी सुमारे १५ फूट, खोली चार-पाच फूट. पण तिच्या दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंचीचे, भिंतीसारखे उभे पूररोधक बांध होते. या बांधांच्या पोटात जर्मनांनी खंदक आणि मोर्चे पोखरून ठेवले होते. पूर्वेकडील बांधाच्या नदीकडच्या उतारावर भूसुरुंगांचा पट्टाच पेरलेला होता.

संध्याकाळी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने पूर्वेचा बांध गाठला. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या कंपनीने नदी ओलांडून पश्चिमेचा बांध घ्यायचा, अशी योजना होती. नामदेव जाधव हे या दुसऱ्या कंपनीचे ‘रनर’, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई. कंपनी कमांडरच्या सोबत, आघाडीच्या तुकडीच्या अगदी मागे ते पाण्यात उतरले. ही मंडळी नदी ओलांडून पलीकडे चढत असतानाच घात झाला. ज्या पूर्वेच्या बांधावरून ते उतरून आले होते, त्याच बांधाच्या पोटातील किमान तीन जर्मन मोर्च्यांमधून त्यांच्या पाठीवर आग बरसू लागली. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे जागीच ठार झाले. त्या टोळीत अंगाला जखम न झालेला एकच माणूस उरला होता.

अशा क्षणी त्या २३ वर्षांच्या शिपायाने काय करायला हवे होते? तो स्ट्रेचर वाहणारा नव्हता, वैद्यकीय पथकातला नव्हता. निरोप नेणे एवढेच त्याचे नेमून दिलेले काम होते. तो पाण्यात अंग चोरून अंधार गडद होण्याची वाट पाहत राहिला असता, तरी कोणत्याही लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले नसते. चढाईच्या वेळी पुढे जाणाऱ्याने जखमींसाठी थांबू नये, त्यांना मागून येणारे पथक उचलेल, हाच युद्धाचा सर्वसाधारण नियम आहे. परंतु येथे मागून येणाऱ्यांची वाटच अडलेली होती. नामदेवाने एका जखमी जवानाला उचलले, छातीएवढ्या पाण्यातून त्याला नेले आणि पूर्वेच्या बांधाची ती उभी चढण चढायला सुरुवात केली. ज्या बांधातून गोळ्या सुटत होत्या तोच हा बांध आणि ज्या उतारावर सुरुंग पेरले होते तोच हा उतार. वरून उखळी तोफांचा मारा चालूच होता. जखमीला बांधापलीकडे सुरक्षित ठेवून हा वीर पुन्हा खाली उतरला. पुन्हा तेच पाणी, तेच सुरुंग, तोच मारा. दुसऱ्या जखमीलाही त्याने तसेच पाठीवरून पार केले.

येथे कथा संपली असती, तरी ती अमर झाली असती. पण ती संपली नाही. दोन जीव सुरक्षित झाल्यावर नामदेव तिसऱ्यांदा बांध ओलांडून गेला, या वेळी सहकाऱ्यांच्या मृत्यूचा हिशेब चुकता करण्यासाठी. सर्वांत जवळच्या मोर्च्यावर धाव घेऊन टॉमीगनने त्याने तो गप्प केला. इतक्यात त्याचा हात जखमी झाला आणि बंदूक चालवणे अशक्य झाले. त्याने बंदूक फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडच्या सहकाऱ्यांकडून आणखी घेतले. एकापाठोपाठ एक असे आणखी दोन मोर्चे त्याने नष्ट केले. पूर्वेच्या बांधावरील मशीनगनांचा आवाज थांबला, तेव्हा तो बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला. उखळी तोफांचे गोळे पडतच होते. तेथून त्याने मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले.

त्या रात्री नदीचे दोन्ही काठ हाती आले आणि पुढे त्या भागातील जर्मन प्रतिकार कोसळला. २ मे १९४५ रोजी इटलीतील युद्ध संपले. जून महिन्यात नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पुढे हवालदार झालेला हा वीर २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात निवर्तला.

आधी रक्षण, मग संहार

या पराक्रमातील क्रम मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. नामदेवाने आधी वाचवले आणि नंतर मारले. संतापाचा पहिला उमाळा शस्त्राकडे नेतो. आजूबाजूला मित्रांची प्रेते पडलेली असताना सूडाची भावना उसळणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्या उसळीला लगाम घालून, आधी जिवंत असलेल्याची काळजी करणे हे संस्काराचे काम आहे. रागाच्या भरात मरण पत्करणारे अनेक असतात. शांत चित्ताने एकाच मृत्युमार्गावरून दोनदा जाणारा आणि नंतर तिसऱ्यांदा त्याच मार्गावर लढायला उतरणारा विरळा. पहिल्या खेपेला धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येईल. दुसऱ्या खेपेला तो पुरता ठाऊक होता.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. जखमींच्या सेवेचा गौरव करताना काही मंडळी हळूच शस्त्राचा तिरस्कार शिकवू लागतात. सैनिकाची करुणा तेवढी घ्यायची आणि त्याचे क्षात्रतेज मात्र अवघड वाटते म्हणून दूर ठेवायचे, असा हा व्यवहार असतो. नामदेव जाधवाचे चरित्र या दोन्ही टोकांना उत्तर देते. ते तीन मोर्चे गप्प झाले नसते, तर मागून येणाऱ्या कंपन्यांतील आणखी कितीतरी जवान त्या पाण्यात पडले असते. जखमींना पाठीवर घेणे आणि जखमी करणारा मोर्चा उद्ध्वस्त करणे ही एकाच रक्षणधर्माची दोन कर्तव्ये आहेत. दुर्बलाची करुणा असहाय असते आणि करुणेविना बळ राक्षसी होते. या दोहोंचा संगम म्हणजे क्षात्रधर्म.

युद्ध कोणाचे?

एक आक्षेप येथे घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. नामदेव जाधव ज्या ध्वजाखाली लढले तो युनियन जॅक होता. त्यांच्या छातीवरचे पदक इंग्रजांच्या राणीच्या नावाचे होते. मग राष्ट्रभक्तांनी त्यांचा अभिमान का बाळगावा?

उत्तर असे की, ध्वज परका होता, पण पाठीवरचा जखमी आपला होता. त्या महायुद्धात २५ लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी भाग घेतला. इटलीच्या भूमीवर साडेपाच हजारांहून अधिक भारतीयांनी देह ठेवला. फोर्ली येथील भारतीय सैन्याच्या स्मशानभूमीत, अग्निसंस्कार झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक आजही उभे आहे. ही माणसे साम्राज्याच्या प्रेमापोटी तेथे गेली होती, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याच्या परंपरेने गेले. पण रणांगणावर त्यांनी जे दाखवले ते त्यांच्या रक्तातले होते, इंग्रजांनी दिलेले नव्हते. सेनिओच्या बांधावर उभ्या राहिलेल्या त्या शिपायाने राजाचा जयजयकार केला नाही, मराठ्यांची रणगर्जना केली. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही या रेजिमेंटची ललकारी आहे, आणि तीन शतकांपूर्वी सह्याद्रीत उमटलेला तो नाद आल्प्सच्या दक्षिणेला ऐकू जावा, यात इतिहासाचे केवढे सामर्थ्य आहे!

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्या काळात हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले, ते हेच जाणून. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत वैद्यकीय पथकात सेवा करून आलेले धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली, तीही याच दूरदृष्टीने. शस्त्रविद्या शिकलेला समाजच उद्या स्वतंत्र राष्ट्राचे रक्षण करील, हे त्यांचे प्रतिपादन काळाने खरे ठरवले. १९४७ मध्ये काश्मीरवर आक्रमण झाले, तेव्हा महायुद्धात तावूनसुलाखून निघालेले हेच सैन्य भारताच्या हाती होते. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा उगम १७६८ मध्ये आहे, तिची ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी पहिली बटालियन १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात जमालपूरच्या लढाईत लढली. नामदेव जाधव याच पलटणीचे. पलटण तीच, गर्जना तीच. ध्वज मात्र आता आपला होता.

आणखी एक गोष्ट. त्याच ९ एप्रिलला, त्याच सेनिओ नदीवर आणखी एका भारतीय शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. फ्रंटियर फोर्स रायफल्सचा तो अली हैदर, वायव्य सरहद्दीवरचा पठाण. एकाच संध्याकाळी, एकाच पाण्यात, महाराष्ट्राचा आणि सरहद्दीचा असे दोन पुत्र पराक्रमाची शर्थ करीत होते. त्यानंतर अवघ्या २८ महिन्यांत या देशाचे तुकडे झाले. फाळणीने काय हिरावून घेतले, याचा हिशेब मांडताना ही संध्याकाळही त्यात धरली पाहिजे.

ही परंपरा आपलीच

जखमी सैनिकाला वाऱ्यावर न सोडणे ही काही पाश्चात्त्य लष्करी शास्त्राने आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे. महाभारताच्या वनपर्वात शाल्वाशी झालेल्या युद्धाचा प्रसंग आहे. मूर्च्छित पडलेल्या प्रद्युम्नाला त्याचा सारथी रणातून दूर नेतो. शुद्धीवर आल्यावर प्रद्युम्न त्याच्यावर संतापतो, आपल्याला पळपुटे ठरवलेस म्हणून. सारथी नम्रपणे, पण ठामपणे सांगतो की, संकटात सापडलेल्या रथीचे रक्षण करणे हाच सारथ्याचा धर्म आहे. वीराच्या अभिमानाइतकेच रक्षकाच्या कर्तव्यालाही व्यासांनी येथे स्थान दिले आहे. आणि संजीवनीसाठी पर्वत उचलून आणणारा हनुमंत तर आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर उभा आहे. लंकादहनाच्या मारुतीइतकाच द्रोणागिरी हातावर पेललेला मारुती आपल्याला प्रिय असावा, हे या समाजाच्या मनोरचनेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

शिवछत्रपतींनी या धर्माला राज्यव्यवहाराचे रूप दिले. प्रतापगडच्या युद्धानंतर महाराजांनी केलेल्या व्यवस्थेचा तपशील सभासदाच्या बखरीत आढळतो. जखमींना त्यांच्या जखमेच्या मानाने २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली गेली. कामी आलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, आणि ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना अर्धे वेतन लावून दिले. ही १६५९ ची गोष्ट आहे. जखम पाहून मोबदला देणारा राजा त्या काळच्या हिंदुस्थानात दुसरा कोण होता? मावळे जिवावर उदार होत, कारण आपल्या पाठीमागे आपले घर उघडे पडणार नाही, याची त्यांना खात्री होती.

हेच सैन्याच्या मनोधैर्याचे मर्म आहे. कोणताही सैनिक केवळ आदेशासाठी गोळीसमोर जात नाही. डावीकडचा आणि उजवीकडचा सोबती आपल्याला सोडून जाणार नाही, या विश्वासावर तो उभा असतो. ज्या पलटणीत जखमींना टाकून दिले जाते, त्या पलटणीतील निरोगी सैनिकही मनाने आधीच पळालेला असतो.

रेझांग ला ते गलवान

स्वतंत्र भारताच्या सैन्याने ही परंपरा अधिकच उजळली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला येथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने चिन्यांशी अखेरच्या माणसापर्यंत झुंज दिली. मेजर शैतानसिंग जखमी झाले, तेव्हा त्यांना उचलून नेण्याचा जवानांनी प्रयत्न केला. पण मला येथेच ठेवा आणि तुम्ही जा, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले. वाचवणाऱ्यांचा धर्म एकीकडे आणि वाचवणाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून स्वतःला मृत्यूच्या स्वाधीन करणाऱ्या नायकाचा धर्म दुसरीकडे. पुढे बर्फ ओसरल्यावर हुतात्म्यांचे देह सापडले, तेव्हा कंपनीतील वैद्यकीय साहाय्यक धर्मपाल दहिया यांच्या गोठलेल्या हातांत इंजेक्शनची सिरिंज आणि पट्टी तशीच होती. शेवटच्या श्वासापर्यंत हा वीर जखमा बांधत होता.

१९९९ मध्ये कारगिलच्या ४८७५ क्रमांकाच्या शिखरावर कॅप्टन विक्रम बत्रा जखमी सहकाऱ्याला आणण्यासाठी पुढे सरसावले आणि कामी आले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील ताज हॉटेलात मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी आपल्या जखमी कमांडोला आधी सुरक्षित बाहेर काढण्याची व्यवस्था केली आणि मग अतिरेक्यांचा पाठलाग एकट्याने चालू ठेवला. नामदेव जाधवांचाच तो क्रम, आधी रक्षण, मग संहार.

जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात १६ बिहार रेजिमेंटचे वैद्यकीय साहाय्यक नाईक दीपकसिंग स्वतः जखमी असताना ३० हून अधिक जवानांवर उपचार करीत राहिले आणि त्यातच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर वीरचक्राने त्यांचा गौरव झाला. त्यांच्या पत्नी रेखासिंग यांनी २०२३ मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून लष्करी अधिकारीपद मिळवले. ज्या राष्ट्रात वीराची सहधर्मचारिणी शोक आवरून त्याच वर्दीत उभी राहते, त्या राष्ट्राला नमवणे सोपे नाही.

जळकोटच्या रस्त्यांवरील पहाट

आता हा विषय आपल्या अंगणात आणू. मराठवाड्याची भूमी १९४८ पर्यंत निजामाच्या टाचेखाली होती. कोकण आणि देशावरील गावांना पिढ्यान् पिढ्यांची पलटणीची परंपरा लाभली, तशी ती आपल्याकडे सहजासहजी रुजू शकली नाही. पण म्हणून येथील रक्त थंड नव्हते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करीत होता, आणि त्याच परिसरात उदगीरजवळच्या हत्तीबेट-देवर्जनच्या गावकऱ्यांनी रझाकारांशी टक्कर दिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्याने भारतीय सैनिकाला पहिल्यांदा पाहिले ते मुक्तिदात्याच्या रूपात.

दुसऱ्यांदा त्याला जवळून पाहिले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात. सुमारे दहा हजार माणसे मातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या ढिगाऱ्यांतून जिवंतांना आणि मृतांना बाहेर काढण्यासाठी वर्दीतले हात राबले, आणि त्यांच्या बरोबरीने स्वयंसेवकांचे हातही राबले. तेथे शत्रू नव्हता, गोळीबार नव्हता. पण जखमीला पाठीवर घेण्याचा धर्म तोच होता.

आज जळकोट, उदगीर, मुखेड, कंधारच्या रस्त्यांवर पहाटे उजाडण्यापूर्वी धावणारी मुले दिसतात. जळकोट हा १९९९ मध्ये झालेला छोटा तालुका. बालाघाटची उतरंड, कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर ही येथील परिचित कथा. या मुलांच्या धावण्यामागे पोटाची निकड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नामदेव जाधवांच्या काळीही ती होती. पोटासाठी वर्दी घालणारा तरुण वर्दीमुळे मोठा होतो, हा सैन्याचा चमत्कार आहे. प्रश्न असा की, या धावणाऱ्या मुलांच्या मनात आपण शौर्याचे कोणते चित्र पेरतो? मिशीला पीळ, हातात बंदूक आणि चित्रपटातील संवाद, एवढेच? की छातीएवढ्या पाण्यातून जखमी सोबत्याला नेणारा तो निरोप्या शिपाईही?

१९४५ मधील त्या वीराचे नाव या मुलांना सांगणारे कोणी नाही, ही खंत आहे. इटलीत मोंतोने या गावाने मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते, रायगड जिल्ह्याचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या देशातील गावाला आपल्या मुलाची आठवण ८० वर्षांनी राहते आणि आपल्या पाठ्यक्रमात, व्याख्यानमालेत, गणेशोत्सवाच्या देखाव्यात त्याला जागा मिळत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह नाही.

रस्त्यावर पडलेला जखमी

स्मारक ही स्मरणाची एक पद्धत झाली. दुसरी आणि अधिक कसोटीची पद्धत आचरणाची. महामार्गावर अपघात होतो. माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असतो. भोवती गर्दी जमते आणि हात वर होतात, ते त्याला उचलण्यासाठी नव्हे, मोबाइलवर चित्रण करण्यासाठी. भूसुरुंगांच्या पट्ट्यातून जखमीला नेणाऱ्या वीराच्या महाराष्ट्रात डांबरी रस्ता ओलांडून जखमीपर्यंत जायला आपण कचरतो. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, रुग्णालयात अडकून पडावे लागेल, ही सबब आता टिकणारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने १३४-अ हे कलमच त्यासाठी घातले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रभर धावते आहे. कायदा आहे, साधन आहे. उणीव आहे ती पुढे होणाऱ्या हाताची.

सीमेवरील सैनिक ज्या समाजासाठी मरतो, तो समाज रस्त्यावरच्या जखमीकडे पाठ फिरवत असेल, तर त्या सैनिकाचे बलिदान आपण कोणत्या तोंडाने गौरवायचे? राष्ट्रभक्ती ही केवळ सीमेवर आणि केवळ २६ जानेवारीला करायची गोष्ट नव्हे. ती जेथे माणूस पडलेला असतो तेथे सुरू होते.

म्हणून काही साधी कामे आपल्याला हाती घेता येतील. प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक विद्यालयात प्रथमोपचाराचे शिक्षण व्हावे. रक्तस्राव कसा थांबवावा, मणक्याला दुखापत झालेल्याला कसे उचलावे, शुद्ध हरपलेल्याचा श्वास कसा तपासावा, हे दंडाच्या प्रहारांइतकेच आपल्या मुलांना यायला हवे. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनी नाणे टाकून मोकळे होण्याऐवजी त्या दिवशी रक्तदान व्हावे. तालुक्यातील माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना वर्षातून एकदा हार घालून विसरण्याऐवजी त्यांच्या निवृत्तिवेतनाचे, मुलांच्या शिक्षणाचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुरे करून देण्यासाठी एका कार्यकर्त्याने आपला वेळ द्यावा. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांची सेवा करून परतणाऱ्या तरुणांना गावात काम आणि मान मिळेल, याची काळजी गावानेच वाहावी. त्यांनी राष्ट्राचे ओझे वाहिलेले असेल. पुढची काही पावले त्यांचे ओझे आपण वाहिले, तर बिघडले कुठे?

प्रतापगडच्या विजयानंतर महाराजांनी आधी जखमींची विचारपूस केली. सेनिओच्या काठी त्यांच्या एका मावळ्याने आधी जखमींना पाठीवर घेतले. राजा आणि शिपाई यांच्यामध्ये २८६ वर्षांचे अंतर होते, पण वृत्ती एकच होती. तिला जपणे आता तुमच्या-आमच्या हाती आहे, आणि त्यासाठी रणांगण शोधायला इटलीला जाण्याची गरज नाही. ते उद्या सकाळी आपल्याच रस्त्यावर असू शकेल.